शंभर फॉलांची फी

कुठल्याही वस्तूची किंमत प्रमिलाकाकूंना सांगा, त्या तिचे लगेच फॉल करतात. परळच्या आमच्या चाळीत, माझ्या शेजारच्याच खोलीत बसून त्या हिंदमाताच्या दुकानांतल्या साड्यांना हातानं फॉल लावतात. त्यामुळे पापलेटची जोडी म्हणजे, "बारा फॉल! नको गो, बांगडेच घे."

चोपन्नाव्या वर्षी काकूंनी बी.ए.ला नाव घातलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "मुलाला पाठवा, सही त्याची लागेल." काकू म्हणाल्या, "तो शिकून नोकरीला लागला. आता माझी पाळी." मग फीचा आकडा ऐकून तिथेच बोटांवर मोजत पुटपुटल्या, "शंभर फॉल."

अँटॉप हिलला राहणारा हा मुलगा दर वर्षी फी भरायला तयार असतो. काकू ऐकत नाहीत. "बारावीनंतर घरात भावाची फी भरली, माझी राहिली. आता ती मीच भरणार."

मांडीवर साडी, समोर राज्यशास्त्राचं पुस्तक, असा त्यांचा अभ्यास. एकदा संसदेची कर्तव्यं पाठ करताना सुई बोटात गेली. त्यावर काकूंनी संसदेला जे ऐकवलं, ते उत्तरपत्रिकेत लिहिण्यासारखं नव्हतं.

यंदा त्यांचं शेवटचं वर्ष. फीची शेवटची तारीख नेमकी पितृपंधरवड्यात आली. त्या दिवसांत नवी साडी घेतंय कोण? दुकानांतून काम येणं बंद झालं आणि तेवीस फॉल कमी पडले. फी नाही तर परीक्षाही नाही. मी पैसे पुढे केले, तर "साडी आण, मग घेते" म्हणून मलाच दाराबाहेर काढलं. मला रागच आला.

मग आम्ही मजल्यावरच्या बायकांनी दुपारी दारं लावून कपाटांतल्या साड्या काढल्या, काकूंनीच लावलेले चांगले फॉल उसवले आणि एकेक करून काकूंकडे पोचवल्या. "बघा ना काकू, फॉल निघाला." एकाच आठवड्यात अख्ख्या मजल्याचे फॉल निघाले, तरी काकू येईल ती साडी घेऊन टाके घालत राहिल्या. आम्ही आपल्या हुशारीवर खूश होतो.

शेवटची साडी माझी. तारखेच्या आदल्या संध्याकाळी ती द्यायला त्या आल्या. मजुरी मोजून घेतली. मग काठावरून बोट फिरवत हळूच म्हणाल्या, "माझा टाका एवढा कच्चा नसतो गो. आणि उसवताना कात्री जपून धरायची. इथे काठाला लागली होती."

तिथे बारीक रफू केलेलं होतं. मला मान वर करवेना. कसंबसं विचारलं, "रफूचे किती झाले, काकू?"

"त्याचे नाही घेणार," पदरानं डोळे टिपत त्या म्हणाल्या. "तेवढं माझ्याकडनं."