गाण्यातली बाई

एक गाणं विकत घ्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. यात कुणाचं वाईट व्हावं असं काही होतं का, तुम्हीच सांगा.

आधी माझं थोडं सांगतो. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून फ्रेमच्या मापाने काचा घासतो. काम डोळ्यांचं आणि हातांचं. कान दिवसभर मोकळे. या मोकळ्या कानांची सोय म्हणून मला एक वेबसाइट सापडली. तिथे दर सोमवारी कुणीतरी नवा गायक जाहिरातीपुरतं आपलं एक गाणं फुकट डाउनलोड करू देतो. त्याला वाटतं, हा माणूस एक ऐकेल आणि बाकीची विकत घेईल. मी एक ऐकतो आणि पुढच्या सोमवारची वाट बघतो. सात वर्षांत माझ्याकडे तीनशे चाळीस गायक जमले आहेत, प्रत्येकाचं एकेक गाणं. (मधले काही सोमवार नेट बंद होतं.) कुणी संगीताचा विषय काढला की मी हळूच विचारतो, "हल्लीचे नवे लोक ऐकलेत का तुम्ही?" समोरचा लगेच विषय बदलतो. फुकट ते पौष्टिक म्हणतात ते उगाच नाही.

एकच खोट. प्रत्येक गाण्याच्या मधोमध संगीत हळू होतं आणि एक बाई बोलते, "हे गाणं आपण मोफत ऐकत आहात. संपूर्ण संग्रहासाठी आम्हाला अवश्य भेट द्या. धन्यवाद!" मग गाणं परत सुरू. तीनशे चाळीस गाण्यांत हीच बाई. खरं सांगायचं तर घरच्या माणसांखालोखाल मी तिचाच आवाज जास्त ऐकला आहे. (हे मी बायकोला सांगितलेलं नाही.)

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बायकांचा ती हॉस्पिटलात वर्ग घेते. बारा जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. त्यांच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना सगळे हेडबाई म्हणतात आणि घाबरतात. वर्ग भरतो तळमजल्यावरच्या एका खोलीत, आणि त्या खोलीवर स्टोअरवाल्यांचा डोळा होता. मोठे डॉक्टर म्हणाले, "वार्षिक कार्यक्रमात तुमच्या बायका काय करतात ते बघू, मग खोलीचं ठरवू." म्हणजे नाच जमला तर वर्ग, नाहीतर तिथे सलाइनचे खोके. बायकोने हे फारच मनाला लावून घेतलं. त्या बारा जणी पहिल्यांदा जिना चढल्या तेव्हा ही घरी येऊन रडली होती, हे मला माहीत आहे.

"अहो, चार मिनिटांचं संथ गाणं हवंय," ती म्हणाली. "उड्या नकोत. गुडघे नवे आहेत."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या संग्रहापुढे हात पसरला होता! मी तीन दिवस काचा घासता घासता गाणी चाळली आणि एक निवडलं. भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण चाल अशी की बसल्या जागी मान डुलावी. पेन ड्राइव्हवर घालून दिलं.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "गाणं छान आहे हो. पण ही बाई मध्येच काय बोलते?"

"धर्माची गाय आणि दात का गं नाय!" मी म्हणालो.

तिने पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला. विषय संपला.

संपला असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर ही भाजी ढवळता ढवळता पुटपुटत होती, "हे गाणं आपण मोफत ऐकत आहात..." मला बघून ती थांबली. मी ग्लास ठेवून निघालो. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना, "अवश्य भेट द्या." तिसऱ्या दिवशी तर मी दुकानातून घरात पाऊल टाकलं, आणि ही हातात डाव घेऊन "धन्यवाद!" म्हणाली आणि गर्रकन पाठ फिरवून उभी राहिली.

लग्नाला एकवीस वर्षं झाली आहेत. टोमणा कशाला म्हणतात ते मला कळतं. शिवाय तो खराच होता. जिने बारा बायकांना चालतं केलं तिच्या नवऱ्याला एक गाणं विकत घेववत नाही! मला माझीच लाज वाटली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, दुपारी, दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून मी ते गाणं चक्क पैसे भरून घेतलं. स्वच्छ, अखंड, बाई नसलेलं. रात्री घरी तिच्या पर्समधल्या पेन ड्राइव्हवरची जुनी फाइल उडवून नवी घातली. दुकानातलीही जुनी उडवली. (म्हटलं, करायचं ते पूर्ण करावं.) तिला काही बोललो नाही. मंचावर गाणं सुरू झालं की आपोआप कळेल आणि तिचे डोळे भरून येतील, असा माझा हिशेब होता.

कार्यक्रमाला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो आणि साउंडवाल्याशेजारी बसलो. पहिल्या रांगेत मोठे डॉक्टर. पडदा उघडला. बारा जणी दोन रांगांत, निळ्या ओढण्या, आणि काय सांगू, फारच सुरेख नाचत होत्या. हेडबाईंच्या चेहऱ्यावर हसू मी पहिल्यांदाच पाहिलं.

गाणं निम्म्यावर आलं आणि बाराही जणी एकदम थांबल्या. प्रत्येकीने उजवा हात कानाला लावला. मला वाटलं, वा, काय पोझ आहे! गाणं पुढे गेलं. त्या तशाच. गाणं आणखी पुढे गेलं. एकीने डावा हात लावून पाहिला. मग शाळेच्या मैदानावर पोचेल अशा आवाजात हेडबाई म्हणाल्या, "बाई का बोलत नाहीत?"

बायको विंगेतून धावत माझ्याकडे आली. "अहो, बाई कुठाय?"

"कोण बाई?"

"गाण्यातली! तिच्यावर वळायचंय त्यांना! एवढंच तर कळतं त्यांना त्या गाण्यातलं!"

"काढली मी," मी म्हणालो. "पैसे देऊन काढली."

"पण का?"

"तू टोमणे मारत होतीस म्हणून!"

"अहो, मी स्टेप पाठ करत होते!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बारा हात कानाला, मोठे डॉक्टर घड्याळ बघतायत, आणि डोळ्यांसमोर सलाइनचे खोके. बायकोचा चेहरा मला बघवेना. साउंडवाल्यापुढे माइक पडला होता तो मी उचलला. जगातलं एक गाणं मला धड पाठ नाही, पण ही बाई पाठ होती. आवाज जमेल तेवढा बारीक केला आणि म्हणालो, "हे गाणं आपण मोफत ऐकत आहात." (एकदाच विकत घेतलं, तेव्हाही हेच म्हणायची वेळ आली.) बारा चेहरे उजळले. "संपूर्ण संग्रहासाठी आम्हाला अवश्य भेट द्या." बाराही जणींनी हात जोडले. "धन्यवाद!" आणि दोन्ही रांगा अशा काही गर्रकन वळल्या की सभागृह टाळ्यांनी भरून गेलं.

थांबण्यात गेलेल्या वेळामुळे गाणं आधी संपलं आणि नाच उरला. बायको कडेला उभी राहून टाळ्यांनी ठेका देऊ लागली, मग मोठे डॉक्टर देऊ लागले, मग सगळेच. खोली वर्गालाच मिळाली. घरी येताना बायको माझा हात धरून चालली. मला फार बरं वाटलं.

चार दिवसांनी हेडबाईंचा निरोप आला, "आमची बाई परत आणा. गाणं सुनं वाटतं." मी वेबसाइट उघडली. तिथे लिहिलं होतं, 'या गाण्याची मोफत योजना संपली आहे.'

त्यामुळे हल्ली दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुकान सुटल्यावर मी तळमजल्यावरच्या त्या खोलीत कोपऱ्यात उभा असतो. गाणं निम्म्यावर आलं की बायको ते थांबवते, मी बोलतो आणि बारा जणी वळतात. परवा एक नवीन बाई वर्गात दाखल झाल्या. माझ्याकडे बघत त्यांनी हेडबाईंना हळूच विचारलं, "हे कोण हो?"

"हे होय?" हेडबाई म्हणाल्या. "हे गाण्यावर फुकट आलेत."