बहुतेक सिस्टर

शस्त्रक्रियेच्या वॉर्डातील नव्या परिचारिकेस प्रत्येक वाक्यास ‘बहुतेक’ हा शब्द जोडण्याची सवय जडली होती. “सुई शिरेतच गेलीय, बहुतेक,” असे ती म्हणताच धडधाकट रुग्णाचाही धीर सुटे. वस्तुतः तिचा हात अत्यंत हलका होता. कच्चे होते ते केवळ मन. अखेर मेट्रनबाईंनी तिला बजावले, “आज एका जरी पेशंटनं दुसरी सिस्टर मागितली, तर उद्यापासून तू चादरींच्या कोठीत!”

रुग्णसेवा हेच जिचे बालपणापासूनचे स्वप्न, ती चादरी मोजत कशी बसणार! ‘बहुतेक’चा तत्क्षणी त्याग करून ती रक्त घेण्यास सात नंबरच्या खाटेकडे निघाली. तथापि तिला येताना पाहून खाटेवरील आजोबा लगबगीने न्हाणीघरात शिरले व त्यांनी आतून कडी लावली. रिकाम्या खाटेवर, जेवणाचा डबा घेऊन आलेले एक गृहस्थ क्षणभर टेकले.

“झोपा,” परिचारिका म्हणाली.

“अहो सिस्टर, मी फक्त डबा—”

“बाहेरचं खायचं नाही. बाही वर करा.”

“मी पेशंट नाहीये हो!”

“इथे सगळे हेच म्हणतात. मूठ आवळा.”

असा हुकमी आवाज गृहस्थांच्या सवयीचा असावा. मूठ आपोआप आवळली गेली. पहिल्याच प्रयत्नात नळी भरली.

“झालंसुद्धा?” गृहस्थांनी डोळे उघडले.

“अहो!” पाठीमागून मेट्रनबाईंचा आवाज आला.

परिचारिकेने आधी मेट्रनबाईंकडे पाहिले, मग गृहस्थांकडे. असे ‘अहो’ स्त्री एकाच पुरुषास उद्देशून म्हणते.

“मनगटावरचा नावाचा पट्टा वाचलास?” मेट्रनबाईंनी तिला दरडावले.

“पट्टाच नव्हता, तरी थांबले नाही. चूक माझीच, बाई. जाते मी कोठीत.”

मेट्रनबाईंनी नळी उजेडात धरली. “नऊ वर्षं मागे लागलेय, साखर तपासून घ्या म्हणून. सुई दिसली की हे गच्चीत पळतात!”

“तुझ्या सुईला घाबरून पळतो गं. हिची तर कळलीसुद्धा नाही.”

न्हाणीघराचे दार किलकिले झाले. “मग माझंही हिलाच घेऊ दे,” आजोबा आतून म्हणाले.

मेट्रनबाई परिचारिकेकडे वळल्या. “पट्टा वाचल्याशिवाय पुन्हा सुई उचललीस तर याद राख. आणि उद्या वेळेवर वॉर्डात ये. आता या नळीवर ह्यांचं नाव लिही.”

“काय नाव?” परिचारिकेने पेन सरसावून खणखणीत स्वरात विचारले.

जिच्यापुढे मोठमोठे सर्जन चळचळ कापत, ती मेट्रन लाजेने लालबुंद झाली.

“इश्श,” ती म्हणाली, “त्यांनाच विचार ना!”