म्हादबाचा ताप

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, खडकेवाडीच्या चुनाभट्टीवर, चुन्याच्या शेवटच्या पिंपाला ताप आला.

पाणी घातल्यावर कळीचा चुना रटरटतो, वाफा सोडतो, त्याचं कुणाला नवल नव्हतं. भट्टीत दगडाने जेवढी आच पोटात घेतली, तेवढी तो पाण्याला परत देतो. हा कायदा आहे आणि खडकेवाडीत तो पाळला जातो. पण हे पिंप उकळून निवलं आणि मग कुडकुडायला लागलं. हौसाबाईने पत्र्याला पालथा हात लावला आणि ताप ओळखला. तो तिच्या नवऱ्याचा, म्हादबाचा होता.

नऊ वाजता उष्णता तपासनीस दिघे थर्मामीटर घेऊन आले.

"बाई, लाकडाची आच बरोबर जुळली. पण वर एकशेचार ताप निघतोय. भट्टीत लाकडाशिवाय काय घातलं होतंत?"

"काय घालणार? आमचे मालक बसले होते तीन दिवस, भट्टीला पाठ लावून. अंगात ताप. चला घरी म्हटलं, तर म्हणायचे, दगड कच्चा राहिला तर लोक माझ्या नावानं भिंती खरवडतील."

"माणसाची उष्णता दगडात घालायला परवानगी लागते."

"भेटले की सांगते हं त्यांना."

दिघ्यांनी चष्मा पुसला. "जादा उष्णता उघड्यावर सोडावी लागेल. झाकण काढा."

हौसाबाई झाकणावर बसली. "तापाच्या माणसाला वारा लागू देतात होय, साहेब?"

दिघ्यांनी नियमांची वही उघडली.

"चौथ्या दिवशी अंग गार लागलं," ती म्हणाली. "मला वाटलं, ताप उतरला. आळीत गूळ वाटला मी. उतरला कुठला! इथं येऊन बसला होता. त्या वेळी मला काही करता आलं नाही. आज करू द्या."

तिने लुगड्याचं धडपं फाडलं आणि मिठाच्या पाण्याच्या घड्या पिंपावर ठेवायला सुरुवात केली. घडी ठेवली की वाळायची. अकरा वाजता दिघ्यांनी बाह्या सारल्या आणि ते घड्या पिळून देऊ लागले.

चार वाजून वीस मिनिटांनी पिंपाला घाम फुटला. कुडकुड थांबली. हौसाबाईने पदराने पत्रा टिपला आणि पुन्हा पालथा हात लावला. बराच वेळ तिने तो काढला नाही.

"आता उतरला," ती म्हणाली. मग थर्मामीटरकडे पाहून तिने विचारलं, "हा कुठला?"

"आरोग्य उपकेंद्रातला. मागून आणलाय, परत द्यायचाय. हे काय, रस्त्यापलीकडे." दिघ्यांनी वळून तिकडे पाहिलं. जाताना त्यांनी अंतर पावलांनी मोजलं.

अहवालात त्यांनी लिहिलं की चुन्याचा ताप घड्यांत गेला, घड्यांचा हवेत, कणभरही वाया गेला नाही. खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जास्तीची घातली: उपकेंद्र ते भट्टी, साठ पावलं, त्या तीन दिवसांत थर्मामीटर तिथेच होता.

अहवालावर वरपर्यंत सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. त्या ओळीपुढची जागा कोरी आहे.