पेटीतली गुरगुर

पेटी पहिल्यांदा गुरगुरली ती बसमध्ये, माझ्या मांडीवर.

आत ट्रॉम्बोन होता. सेकंडहँड, पण प्रोफेशनल. मोठ्या बोअरचा, म्हणजे नळी चांगली रुंद. विकणारे निवृत्त बँडमास्तर म्हणाले होते, "याला फुंकायला छाती लागते हं, ताई!" (माझी छाती टोस्टरमधून पाव उडाला तरी धडधडते. हे मी त्यांना सांगितलं नाही.) चार वाजता शहराच्या वाद्यवृंदाची निवड-चाचणी होती. ट्रॉम्बोनची जागा एकच. माझं कॉलेजातलं वाद्य लग्नानंतर घर हलवताना जिन्यावरून गडगडत गेलं होतं, ते चपटं होऊनच थांबलं.

मास्तरांनी माउथपीस, तेलाची बाटली, फडकं, सगळं स्वतःच्या हातांनी पेटीत भरलं. म्हणाले, "काही वाटलं तर फोन करा. रियाजात वाजलेला मला खपत नाही, म्हणून आवाज बंद ठेवतो. पण फोन कायम जवळच असतो."

मला सतत काही ना काही वाटतंच. बसमध्ये वाटलं, पेटी उभी धरावी की आडवी? फोन लावला. पेटी गुरगुरली. मी दचकून फोन बंद केला.

"मांजर आहे का?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. (पुढचे दोन स्टॉप ते पेटीशी लाडे लाडे बोलत होते.)

घरी येऊन वाजवून पाहिला. असा भारदस्त सूर निघाला की मीच दोन पावलं मागे सरले. पण त्या गुरगुरीचं काय? कुठे पत्रा सैल असला तर? परीक्षकांसमोर गुरगुरला तर? ट्रॉम्बोन पेटीत ठेवला आणि मास्तरांना फोन लावला. गुर्रर्र!

"ऐकलंस?" मी नवऱ्याचा दंड धरला. "बोअर मोठा आहे ना, हवेतली कंपनं पकडतो. फिजिक्समध्ये मला बासष्ट मार्क होते."

"शंभरपैकी?"

"दीडशेपैकी."

पुन्हा फोन. पुन्हा गुर्रर्र. मास्तर काही उचलेनात.

नवरा पेटीकडे बघत म्हणाला, "गंमत बघ, तू फोन लावतेस तेव्हाच गुरगुरतो."

"म्हणजे त्याला कळतंय, मी तक्रार करतेय ते!"

"अगं, मग त्याच्या तोंडावर कशाला करतेस?" सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "तिकडे तोंड करून हळू आवाजात कर."

मला ते पटलं. (हे इथे लिहिताना लाज वाटते, पण पटलं.)

तीन वाजले. शेवटचा फोन. मास्तरांनी उचलला नाही, तर चाचणीला जायचंच नाही, असं ठरवून मी भिंतीकडे तोंड केलं. मागे गुर्रर्र सुरू झालं, मग अचानक थांबलं. फोन उचलला गेला!

"सर," मी कुजबुजले, "तुमचा ट्रॉम्बोन आपोआप गुरगुरतो हो! मी चाचणीला जात नाही."

"जा, जा. आता नाही गुरगुरणार."

"थँक यू, सर!" मी भिंतीलाच वाकून नमस्कार केला. मग लक्षात आलं, सरांचा आवाज पाठीमागूनही आला होता.

मी वळले. नवऱ्याच्या एका हातात पेटीतलं फडकं होतं आणि कानाला मास्तरांचा फोन, पेटी भरताना त्यात चुकून गुंडाळला गेलेला.

"आणखी काही वाटतंय का, ताई?" तो म्हणाला.