सोपाननानांचा गोतावळा

धावड्याच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच दिवशी सोपाननानांनी मला जावई करून टाकलं. माझं लग्न अजून व्हायचं होतं.

"मंग काय झालं? तुमच्या मामाचं गाव भोकरदन, आमच्या आईचं आजोळ भोकरदन. बराबर जावईच की!"

नानांच्या लेखी परका माणूस जगात नव्हताच. सायकलवाला रशीद त्यांचा भाचा, कंडक्टर साडू. कोंबडी चोरताना सापडलेल्यालासुद्धा नानांनी आधी पाणी दिलं, मग आजोळ विचारलं. तो व्याही निघाला आणि कोंबडीसकट गेला.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास त्यांचा धाकटा भाऊ किसन वारला. हृदयाचा स्नायूच दुबळा झालेला. चार पावलं टाकली की धाप लागायची. पुढे शहरातल्या डॉक्टरीणबाई गावात आल्या. रोगाशी लढणाऱ्या शक्तीच्या काही खुणा रक्तात आईबापांकडून येतात. त्यातल्या कुठल्या खुणा असल्या की हा आजार जडतो, आणि त्या सगळ्या समाजांत सारख्याच असतात का, हे त्यांना शोधायचं होतं. किसन शहरात दवाखान्यात होता तेव्हाच त्याचं रक्त त्यांनी तपासलं होतं. ताडून बघायला धडधाकट माणसं हवी होती, पण त्याच्या नात्याबाहेरची.

नानांनी काम अंगावर घेतलं. "माझ्या किसनला कशानं नेलं, ते कळलं पायजे." सकाळी शाळेपुढे ही भली मोठी रांग!

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"भाचा."

"आणि हे?"

"व्याही. ती मावशी. बिलकुल सख्ख्यावानी!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो नाना, नात्यातली चालत नाहीत! सगळ्यांना परत पाठवावं लागेल."

"नात्याबाहेरचा मानूस धावड्यात कुठून आनू, बाई?" नाना रडकुंडीला आले. किसनचं काम त्यांच्याच हातून बिघडत होतं.

मग बाईंनी एकेकाला पार आज्या-पणज्यापर्यंत खोदून विचारलं. मी लिहून घेत होतो. नानांशी रक्ताचं नातं एकाचंही निघालं नाही. सगळे पास! मला हसू फुटलं, पण नानांचा चेहरा बघून आवरलं.

"म्हंजी किसन गेला अन् माझं कुनीच उरलं न्हाई," ते हळूच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

शेवटी भावाच्या खुणांशी जुळवायला त्यांचंही रक्त हवं होतं. सुई बघून नानांनी हात मागे घेतला.

"यांच्याजवळ नात्यातलं कोण बसतंय?" बाईंबरोबर आलेल्या नर्सनं विचारलं.

"मामू, डरो नक्को. मैं हूँ," म्हणत रशीद उठला. त्याच्यामागे सगळी रांग उठली.

मीही पेन ठेवलं आणि गेलो. जावई ना मी!