प्रश्न क्रमांक सात

लेक नोकरीसाठी परदेशी गेली. त्या महिन्याचे टेलिफोनचे बिल आले, तेव्हा कक्षप्रमुखांनी ते आधी उभे राहून वाचले, मग बसून वाचले आणि मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. तिन्ही वाचनांत आकडा तोच निघाला. बिलाच्या तळाशी वेळेवर पैसे भरल्याबद्दल आगाऊ आभार छापलेले होते, ते त्यांना विशेष झोंबले.

कक्षप्रमुख म्हणजे एका मोठ्या कचेरीतल्या काटकसर कक्षाचे निवृत्त प्रमुख. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली तरी घरात, जिन्यात आणि वाण्याच्या दुकानात त्यांना अजून कक्षप्रमुखच म्हणत. हयातभर त्यांनी टाचण्या, पंखे आणि पाकिटे वाचवली. वापरलेली पाकिटे उलटी करून पुन्हा वापरण्याची योजना त्यांचीच. त्या उलटापालटीसाठी चार माणसे आणि त्यांच्यावर एक पर्यवेक्षक नेमावा लागला, पण त्यांचे पगार वेगळ्या लेखाशीर्षाखाली जात असल्यामुळे योजना शेवटपर्यंत फायद्यात राहिली. अशा माणसाच्या घरी असे बिल यावे, हे त्यांच्या जिव्हारी लागले.

दोष कुणाचा, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. दोष बायकोचा होता. ती फोनवर बोलत असे.

तिच्या बोलण्याला काही धरबंध नव्हता. जेवलीस का, असे विचारून हो म्हणून उत्तर मिळाले तरी ती तिथे थांबत नसे. काय जेवलीस, कुणी केलं, पोटभर जेवलीस की उगाच आपलं सांगतेस, असे तिचे उपप्रश्न निघत. लेक मध्येच खोकली तर त्या खोकल्याची स्वतंत्र चौकशी होई. पुढच्या रविवारी कक्षप्रमुख स्टॉपवॉच घेऊन शेजारी बसले. हे घड्याळ कक्षाने शिपायांची चहाची सुट्टी मोजण्यासाठी घेतले होते आणि निरोपसमारंभात कक्षप्रमुखांना भेट मिळाले होते. मोजणीत असे आढळले की अकरा मिनिटांच्या संभाषणात माहिती फक्त दोन मिनिटे दहा सेकंदांची होती. बाकी सगळे 'हं', 'बरं', 'अगं', 'सांग ना', हसणे, आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे दोघींचे नुसते गप्प बसणे. टेलिफोनवाले गप्प बसण्याचेही बोलण्याच्याच दराने पैसे घेतात, हे कळल्यावर कक्षप्रमुखांनी हे सगळे रकाने लाल पेन्सिलीने खोडले.

त्यांनी चार पानी टिपण तयार करून ते जेवणाच्या टेबलावर ठेवले. बायकोने त्यावर भाजी निवडली.

तरीही अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या टप्प्यात 'हॅलो' हा शब्द रद्द करण्यात आला. फोन लागला आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक असताना ते पुन्हा कळवणे ही द्विरुक्ती होती. दुसऱ्या टप्प्यात प्रश्नच फोनवरून काढून टाकण्यात आले. कक्षप्रमुखांचे म्हणणे असे की प्रश्न दर आठवड्याला तेच असतात, मग ते एकदाच टपालाने पाठवावेत आणि फोनवर फक्त उत्तरे घ्यावीत. त्याप्रमाणे 'कुशल-प्रश्नावली, नमुना क' लेकीकडे रवाना झाली. तीत एकवीस प्रश्न होते. एक, प्रकृती ठीक आहे काय. दोन, जेवण वेळेवर होते काय. तीन, खोलीचे छत गळते काय. अशा क्रमाने जात एकविसावा होता 'इतर, असल्यास पाच शब्दांत'. सातवा प्रश्न, सुखी आहेस काय, हा बायकोच्या हट्टाने आला होता. तो मोघम आहे आणि त्याचे उत्तर पडताळून पाहता येत नाही, असा शेरा कक्षप्रमुखांनी मारला होता, पण दोन दिवस चहा कोमट मिळाल्यावर त्यांनी तो मागे घेतला.

नव्या पद्धतीचा पहिला फोन चाळीस सेकंदांत आटोपला. "एक, हो. दोन, हो. तीन, नाही," असे लेक हसत हसत सांगत गेली आणि कक्षप्रमुख रकान्यात खुणा करत गेले. बायकोला शेवटी "बरं" एवढे म्हणण्याची मुभा होती. तिने ते म्हटले तेव्हा फोन ठेवून झाला होता.

सहा रविवार असे सुरळीत गेले. लेकीचे हसणे तिसऱ्या रविवारी कमी झाले आणि चौथ्याला बंद झाले, त्यामुळे वेळ पस्तीस सेकंदांवर आला. सातव्या रविवारी मात्र घोटाळा झाला. एक ते सहा व्यवस्थित पार पडले. "सात," लेक म्हणाली, आणि पुढे काही ऐकूच आले नाही. मग "हो" आले, आणि आठपासून गाडी पुन्हा सुरू झाली.

फोन ठेवल्यावर कक्षप्रमुखांनी लाल पेन्सिल काढली. "सातव्याला चार सेकंद लागले," ते म्हणाले.

"अहो, ती थांबली," बायको म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. चार सेकंद गेले."

"त्या चार सेकंदांत ती काय करत होती?"

"काहीही करत नव्हती. हाच तर माझा आक्षेप आहे."

बायकोने पुन्हा फोन लावा म्हणून सांगितले. ती का थांबली, एवढेच तिला विचारायचे होते. कक्षप्रमुखांनी तिला शांतपणे समजावले की सातव्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे नोंदले गेले आहे, आणि एकदा नोंदलेले उत्तर पुन्हा उघडायचे म्हटले तर कुठल्याच नोंदीला अर्थ राहणार नाही.  पुढचा सबंध आठवडा बायको मध्येच हातातले काम थांबवून उभी राही आणि मनातल्या मनात एक, दोन, तीन, चार मोजून पाही. चार सेकंद किती लांब असतात, ते तिला त्या आठवड्यात कळले.

नंतरच्या रविवारी सातव्याला सहा सेकंद लागले. कक्षप्रमुखांनी त्याच दिवशी शुद्धिपत्रक काढले. उत्तराला लागणारा वेळ उत्तराच्या उपयुक्ततेशी सुसंगत नसल्याने प्रश्न क्रमांक सात वगळण्यात येत आहे, आणि पुढील प्रश्नांचे क्रमांक आहेत तसेच राहतील. त्या दिवसापासून बायकोने त्यांच्याशी बोलणे टाकले. घरातल्या घरात बोलण्याचे पैसे पडत नसल्यामुळे त्यांनी याची नोंद घेतली नाही.

पण कक्षप्रमुखांना अजून समाधान नव्हते. पस्तीस सेकंद बोलले तरी पैसे पूर्ण मिनिटाचे जात होते, म्हणजे दर रविवारी पंचवीस सेकंद टेलिफोनवाल्यांच्या घशात पडत होते. म्हणून तिसरा टप्पा आला. रविवारी सकाळी दहाला लेकीने फोन लावायचा, ठरलेल्या रिंग वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. उचललाच नाही तर पैसे कशाचे? फोनच्या वर भिंतीवर तक्ता चिकटवला गेला. एक रिंग, सर्व कुशल. दोन, किरकोळ आजार. तीन, पत्र पाठवले आहे. चार, तुमचे पत्र मिळाले नाही. पाच, जागा बदलली. सहा, प्रकरण गंभीर असून सविस्तर पत्र लिहीत आहे. तळाशी ठळक अक्षरांत सूचना होती की रिंग वाजत असताना रिसीव्हर उचलणे शिस्तभंग समजले जाईल.

बिल भाड्यापुरते उरले. ते कक्षप्रमुखांनी खिशात बाळगले आणि जिन्यात भेटेल त्याला दाखवले. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याचा मुलगा परदेशी होता आणि समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची बहीण. दोघांनी तक्त्याच्या प्रती नेल्या. मग रविवारी दहाला सगळी इमारत खणखणू लागे, आणि प्रत्येक घरातली माणसे वाजत्या फोनसमोर हात पाठीमागे बांधून उभी राहत. भिंती पातळ होत्या. एकदा डॉक्टरीणबाईंच्या तीन रिंग शिंप्याने आपल्या समजून घेतल्या आणि तो पंधरा दिवस पोस्टमनची वाट पाहत बसला. कक्षप्रमुखांनी त्याला सांगितले की दोष योजनेत नसून भिंतींत आहे.

चौथा टप्पा त्यांना आरामखुर्चीत सुचला. आलेल्या निरोपांपैकी बहुतेक सगळे 'सर्व कुशल' याच सदरातले होते. जे नेहमीच असते ते दर वेळी कळवायचे कशाला? शिवाय एखाद्या वेळी पाहुणा चुकून फोन उचलेल ही टांगती तलवार होतीच. म्हणून अंतिम परिपत्रक गेले. यापुढे फोन न वाजणे म्हणजेच सर्व कुशल असे समजण्यात येईल.

कक्षप्रमुखांच्या कारकिर्दीतले हे शिखर होते. रविवारी दहाला नवराबायको फोनसमोर उभी राहत. फोन वाजत नसे. कक्षप्रमुख वहीत 'सर्व कुशल' लिहून पेपर वाचायला जात, आणि बायको साडेदहापर्यंत तिथेच उभी असे. एका रविवारी तिने अबोला मोडून विचारले, "आणि आपलं तिला कसं कळतं?"

"आपणही फोन करत नाही ना?" कक्षप्रमुख म्हणाले. "म्हणजे आपणही कुशल."

असे अकरा रविवार सगळे अत्यंत कुशल होते.

मग एका बुधवारी, भर दुपारी, फोन वाजला. कक्षप्रमुख वाचनात होते. पहिल्या रिंगला त्यांनी पान दुमडले, तिसरीला चप्पल शोधली. सहावी वाजली तेव्हा ते फोनपाशी पोचले होते आणि त्यांनी तक्त्यातली सहावी ओळ वाचली. पण सातवी वाजली. आठवी वाजली. त्यांनी तक्त्यावर बोट फिरवले, ते खालच्या भिंतीवर आले. बायको ओले हात पदराला पुसत आतून धावत आली.

"थांब, उचलू नकोस," कक्षप्रमुख म्हणाले. "ही नववी आहे. नवाला अर्थ दिलेला नाही."

"तो मी विचारते," बायको म्हणाली, आणि तिने त्यांच्या काखेखालून हात घालून फोन उचलला.

कक्षप्रमुखांच्या अंगठ्याने सवयीने स्टॉपवॉच दाबले. पलीकडून काहीच आवाज नव्हता. बायको म्हणाली, "बोल गं." तरीही काही नाही. बोलायचे कसे, कुठून सुरू करायचे, हे लेक विसरूनच गेली असावी, कारण तिने जिथून बोलता येत होते तिथून सुरुवात केली.

"आई," ती म्हणाली. "एक, हो. दोन, हो. तीन, नाही. चार, हो. पाच, हो. सहा, हो."

मग ती थांबली. बायकोने तिला हाक मारली नाही की घाई केली नाही. चार सेकंद गेले, सहा गेले, दहा गेले. रिसीव्हरमधून आवाज बाहेर येण्याइतकी खोली शांत होती.

"सात, नाही. आई, सात नाही गं. खूप दिवस झाले."

"सात वगळलाय," कक्षप्रमुख म्हणाले, पण ते इतके हळू म्हणाले की त्यांचे त्यांनाही नीट ऐकू आले नाही.

मग लेक रडली आणि रडता रडता सांगत गेली. कामावर जाते, खोलीवर येते. आठवडेच्या आठवडे तोंडातून 'आभारी आहे' आणि 'माफ करा' यापलीकडे शब्द निघत नाही, तेही परक्या भाषेत. रविवारची एक रिंग होती तेव्हा बरे होते, निदान आपण वाजवले की घरात कुणीतरी मान वर करून बघत असेल असे वाटायचे. आज बोलायचे म्हणून फोन केलाच नव्हता. घरातला फोन वाजतोय एवढेच तिला ऐकत बसायचे होते.

बायको "हं" म्हणाली. मग "बरं" म्हणाली, "अगं" म्हणाली, "सांग ना" म्हणाली. मधूनमधून दोघी गप्प बसत. कक्षप्रमुख हातात घड्याळ घेऊन उभे होते, आणि हे सगळे त्यांनी एका रविवारी रकान्यात मांडून लाल पेन्सिलीने खोडले होते, हे त्यांना आठवले. त्यांना स्वतःची शरम वाटली. चाळीस मिनिटांनी बायकोने रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. कक्षप्रमुखांनी घड्याळ खिशात टाकून तो घेतला.

"हॅलो," ते म्हणाले. मग म्हणाले, "जेवलीस का? काय जेवलीस?"

तक्ता त्याच संध्याकाळी उतरला. त्याची मागची बाजू कोरी असल्यामुळे कक्षप्रमुखांनी तिच्यावर वाणसामानाची यादी लिहिली, तेवढी खोड राहिली.

योजना मात्र मेली नाही. आता परदेशी फोन फुकट झाला आहे, चेहऱ्यासकट, हवा तितका वेळ. कक्षप्रमुख थकले आहेत, पण जिन्यात बसून लोकांच्या हातांतल्या फोनकडे बघतात आणि चक्रावतात. त्यांचे चारही टप्पे कुठल्याही परिपत्रकाशिवाय जगभर लागू झाले आहेत. दोन निळ्या खुणा म्हणजे पत्र मिळाले. वर केलेला अंगठा म्हणजे एक ते एकवीस, सगळ्याला हो. नावापुढे हिरवा ठिपका म्हणजे सर्व कुशल. "पैसे पडत नाहीत, मग वाचवता कशासाठी?" असे ते शिंप्याला विचारतात. शिंपी मान वर न करता अंगठा दाखवतो.

तुम्हालाही त्यांनी विचारले असते. आज सकाळी तुम्ही आईच्या नावाखाली पाहिलेत, तिने आठ वाजून बारा मिनिटांनी फोन उघडला होता. म्हणजे उठली आहे, म्हणजे बरी आहे, असे तुम्ही नोंदवलेत आणि पुढे सरकलात. तुमच्या यादीतला सातवा प्रश्न नेमका कधी वगळला गेला, त्याचे शुद्धिपत्रक तेवढे सापडत नाही.