चौदा किलोमीटर कमी

कोणतीही वस्तू घेताना ती रोज किती लागते याचा विचार करणं हे उथळ माणसाचं लक्षण आहे. सुजाण माणूस ती एखाद्या दिवशी किती लागेल याचा विचार करतो. दोन माणसांच्या घरात चोवीस ताटं आणि अकरा गाद्या असतात त्या याच सुजाणपणामुळे. (तो एखादा दिवस उगवत नाही. उगवलाच तर पाहुणे बाहेर जेवून आलेले असतात आणि मुक्कामाला थांबत नाहीत.)

आपल्या गोष्टीतला माणूस नको तितका सुजाण होता. वय चौपन्न, नोकरी सरकारी, हुद्दा लिफ्ट तपासनीस. शहरातल्या निम्म्या लिफ्टांमध्ये 'कमाल आठ व्यक्ती, ५४४ किलो' या पाटीखाली जी सही दिसते, ती त्याची. आठ माणसं उचलायला जो दोर लावतात तो शहाण्णव माणसं पेलेल इतका जाड असावा लागतो. तीस वर्षं हे तपासणाऱ्या माणसाचं डोकं जागेवर राहील अशी अपेक्षा कोणी करू नये. तपासनीस खिशात तीन पेनं ठेवी आणि घर सोडण्यापूर्वी तिन्ही उमटतात का ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पाहून घेई. तिन्ही उमटली की त्याला शंका येई.

त्याला एक बायको होती. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस असल्यामुळे कोणती गोष्ट फुटणार आहे हे तिला आधी कळत असे. आणि दोनशे बारा किलोमीटरवर एक थोरली बहीण होती. निवृत्त नर्स, वय एकाहत्तर, गुडघे दोन, दोन्ही नावापुरते. आई गेली तेव्हा तपासनीस सहा वर्षांचा आणि ताई तेवीस. त्याचा डबा, त्याचा ताप, त्याच्या परीक्षा यांत तिचं लग्न करायचं राहून गेलं. हे तिने कधी मोजून दाखवलं नाही, कारण मोजायचं खातं धाकट्याकडे होतं. चॉकलेटचे दोन तुकडे केले तर हा दोरा आणून लांबी जुळवायचा. तेव्हापासून ती त्याला 'मापाड्या' म्हणायची.

मापाड्या चार वर्षांत तिच्याकडे गेला नव्हता. जुनी गाडी लांबच्या रस्त्याला भरवशाची नाही, हे पहिल्या तीन वर्षांचं कारण. चौथ्या वर्षी त्याने गाडी विकून टाकली आणि ताईला फोन केला की आता विजेची गाडी घेतोय, आली की पहिली फेरी तुझ्याकडे. ताई म्हणाली, "ये." (सबंध प्रकरणात निर्णय घ्यायला सर्वांत कमी वेळ ताईने घेतला.)

गाडी एकच होती, पण बॅटऱ्या दोन, त्यांतली एक निवडायची. लहान बॅटरी एका चार्जमध्ये तीनशे पंधरा किलोमीटर जाते आणि मोठी चारशे साठ, असं गुळगुळीत कागदावर छापलं होतं. हे आकडे खोटे नसतात. ज्या रस्त्यावर चढ नाही, वारा नाही, उकाडा नाही आणि गाडीत माणूस नाही, त्या रस्त्यावर ते तंतोतंत खरे असतात. असा रस्ता ज्या कुणाच्या घराकडे जातो त्याने जरूर विश्वास ठेवावा.

शोरूममध्ये काचेचं टेबल, पुठ्ठ्याच्या कपात फुळकवणी कॉफी आणि विक्री विभागातली एक तरुण बाई होती. तिने विचारलं, "सर, रोज किती चालवणार?"

"ऑफिस सात, परत सात. चौदा. पण प्रश्न रोजचा नाही."

"मग वर्षातून लांब किती वेळा जाता?"

तपासनीस छताकडे पाहू लागला. हा प्रश्न पुढील चौकशीसाठी राखून ठेवण्यात आला. तो आजतागायत राखलेला आहे.

घरी येऊन त्याने तक्ता केला. लिफ्टच्या शास्त्रात 'सर्वांत वाईट प्रसंग' नावाची एक पवित्र कल्पना असते: वीज गेलेली, दोर झिजलेला, आत आठ जाडे. तसाच प्रसंग त्याने गाडीसाठी रचला आणि सातव्या ओळीत, सुवाच्य अक्षरात, त्याला नाव दिलं: 'ताईला अचानक काही झाल्यास, न थांबता पोचणे.' मग कंपनीच्या आकड्यातून वजावट सुरू झाली. एसीचे बारा टक्के गेले. चढाचे पंधरा. समोरच्या वाऱ्याचे दहा (वारा जाताना आणि येताना, दोन्ही वेळा समोरूनच धरला). आठ वर्षांनी बॅटरी म्हातारी होईल त्याचे वीस. आणि जे उरलं त्यातले वीस टक्के कधीच वापरायचे नाहीत, कारण ते शिल्लक असतात म्हणूनच माणसाला झोप लागते.

लहान बॅटरी एकशे छत्तीस किलोमीटरवर मेली. मोठी एकशे अठ्ठ्याण्णववर. ताईचं घर दोनशे बारावर. चौदा किलोमीटर कमी.

"वाटेत एकशे तीसला चार्जिंगची सोय आहे की," बायको म्हणाली. "पाऊण तास थांबू. चहा घेऊ."

तपासनिसाने तिला समजावलं की ती सोय बंद असू शकते, चालू असली तर रांग असू शकते, रांग नसली तर प्लग बसत नसेल, आणि प्लग बसला तर नेमकी तेव्हाच वीज गेलेली असेल. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टला कुणी चहाची सोय म्हणत नाही. बायको म्हणाली, "बरं," आणि कपडे वाळत घालायला गेली. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या घरात 'बरं' या शब्दाला नऊ अर्थ असतात. त्यांतला एकही 'बरं' असा नसतो.

आता तपासनिसाला ताईशी वारंवार बोलावं लागू लागलं, माहिती गोळा करायची होती ना. तुमच्या गावाआधीचा चढ किती लांबीचा? दुपारी वारा कुठून येतो? आणि तुझ्याकडे जाड पिनांचा पंधरा अँपियरचा सॉकेट आहे का? नव्हता. ताईने वायरमन बोलावून अंगणाकडच्या भिंतीवर बसवून घेतला. अर्थिंग आहे का हे तपासनिसाने फोनवर तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिने फोन वायरमनच्या हातात दिला आणि ती आत निघून गेली. पुढे सॉकेटवर धूळ बसते म्हणून तिने जुन्या परकराच्या कापडाची इलॅस्टिक लावलेली टोपी शिवली. हे तिने एकदा सहज सांगितलं. तपासनिसाने विचारलं, कापड सुती आहे ना.

चौदा किलोमीटरची अडचण ताईने पुरती ऐकून घेतली. मग म्हणाली, "हे बघ, इथून तेवढ्याच अंतरावर एक पेट्रोल पंप आहे. बाहेर बाकडं आहे. तू तिथवर ये. मी रिक्षाने पुढे येते."

एकाहत्तर वर्षांची बाई, नावापुरत्या गुडघ्यांवर, चौदा किलोमीटर पुढे येते म्हणाली. तपासनिसाने ही सूचना तक्त्यात लिहून घेतली आणि समोर शेरा मारला: 'नियमात बसत नाही.' आपण काय लिहिलं हे त्याला त्या क्षणी कळलं नाही. त्याची आकडेमोड चालू होती.

अकरा महिन्यांच्या अभ्यासाचा गोषवारा असा. शोरूमला भेटी: एकोणीस. चाचणीसाठी गाडी चालवली: सात वेळा, एकूण तेवीस किलोमीटर. बॅटरीवर पाहिलेल्या चित्रफिती: तीनशे चाळीस (त्यांपैकी तीनशे अडतीस एकमेकींना खोडून काढणाऱ्या). ताईला फोन: सव्वीस. त्यांत तिच्या तब्येतीची चौकशी: चार. ताईकडे प्रत्यक्ष भेटी: अभ्यास पूर्ण झाल्यावर.

एका मंगळवारी साडेअकराला तपासनीस एका नऊमजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा राहून दोर पाहत असताना फोन आला. ताईच्या शेजारची शिंपीणबाई होती. ताई मागच्या पायरीवरून घसरली होती. मनगट मोडलं होतं, डोक्यालाही लागलं होतं, किराणावाल्याच्या टेम्पोतून तिला दवाखान्यात नेलं होतं. (टेम्पो एका टाकीत किती जातो, हे कुणी विचारलं नाही.)

सातव्या ओळीतला प्रसंग शब्दशः घडला होता. तपासनीस घरी आला आणि त्याने तक्ता बाहेर काढला. कोणती बॅटरी किती कमी पडते, सगळं त्यात दशांशापर्यंत होतं. गाडी तेवढी नव्हती.

बायको शाळेतून निघून आली होती. तिने त्याच्या हातातला कागद घेऊन घडी घातली आणि पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली. "स्टँडवर चला. एकची बस आहे."

बसला सहा तास लागले. ती सतरा ठिकाणी थांबली, दोनदा विनाकारण. एसी खिडकीचाच होता आणि वारा खरोखरच समोरून होता. एका थांब्यावर तपासनिसाने चालकाला विचारलं की टाकीत डिझेल किती आहे. चालक गिअर टाकत म्हणाला, "आहे की." गाडीत एकावन्न माणसं बसली होती आणि बारा उभी होती. यांपैकी कुणीही निघण्यापूर्वी तक्ता केलेला नव्हता. आश्चर्य म्हणजे सगळी पोचली.

संध्याकाळी सातला तो बायकोसह ताईच्या घरात शिरला. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, हात प्लास्टरमध्ये, कपाळावर पट्टी. त्याला पाहून तिचा चेहरा उजळला, आणि लगेच तिची नजर त्याच्या खांद्यावरून अंगणाकडे गेली.

"गाडी कुठे लावलीस? आत घे. सॉकेटपासून फाटकापर्यंत सव्वाचार मीटर भरतं, वायर पोचेल. टेपने मोजलंय मी."

"गाडी नाही ताई. बसने आलो."

"बसने?" ती म्हणाली. तिला खरोखरच नवल वाटलं होतं. "बस तर रोजच आहे की रे, मापाड्या. सव्वासहाची आणि एकची. चाळीस वर्षं आहे."

टोमणा असता तर तपासनिसाने उत्तर दिलं असतं. टोमण्यांचा त्याला सराव होता. पण ती वेळापत्रक सांगत होती. शिंपीणबाई चहा टाकायला गेली. बायकोने पलंगाखालची चप्पल उगाच सरळ केली. तपासनीस भिंतीकडे पाहत राहिला. दाराशेजारी तो सॉकेट होता, बारीक फुलांची टोपी घातलेला, एकदाही न वापरलेला. कापड सुती होतं.

ते दोघं तीन दिवस राहिले. परत आल्यावर तपासनीस फार हलला होता. माणूस असा हलला की बदलतो, असं म्हणतात. त्यानेही दुसऱ्याच दिवशी शोरूम गाठलं. योगायोगाने कंपनीने तिसरी, आणखी मोठी बॅटरी काढली होती. पाचशे तीस. वजावट करून दोनशे अठ्ठावीस. ताईच्या घरापलीकडे सोळा किलोमीटरवर काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण आता तो तिथेही न थांबता पोचू शकत होता. त्याने सही केली. तिन्ही पेनं उमटली.

गाडी येऊन आठ महिने झाले. रोज चौदा किलोमीटर चालते. सर्वांत लांबचा प्रवास एकतीस, टायरमधली हवा कंपनीकडूनच तपासून घ्यायला. ताईकडे जायचं आहेच, पण लांबच्या रस्त्यावर काढण्याआधी नवी बॅटरी थोडी मुरावी असं तपासनिसाचं मत पडलं. विक्रीवाली बाई म्हणाली की बॅटरी मुरत नसते. तिला लिफ्टचा अनुभव नाही.

परवा ताईचा फोन आला होता. सॉकेट रिकामा पडून होता म्हणून शिंपीणबाईला तिच्या मोठ्या इस्त्रीसाठी वापरायला दिलाय, म्हणाली. तू येशील तेव्हा काढू. टोपी जपून ठेवली आहे.

वाचकांना तपासनिसाचं हसू आलं असेल तर त्यात गैर काही नाही. (त्याचा आणि प्रस्तुत लेखकाचा चष्म्याचा नंबर एकच आहे, एवढी नोंद घ्यावी.) मात्र पान उलटण्यापूर्वी प्रत्येकाने खालील तक्ता स्वहस्ते भरावा:

१. ज्यांच्याकडे जायचं राहिलं आहे, त्यांचं आपल्याशी नातं.

२. अंतर, किलोमीटरमध्ये.

३. अद्याप न जाण्याचं तांत्रिक कारण. (जागा अपुरी पडल्यास जादा कागद जोडावेत.)

४. तिकडे जाणाऱ्या पहिल्या बसची वेळ. (हा रकाना बहुतेकांचा कोराच येतो.)